जिनसेंग अंगी लागत नाही तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा. वय चाळिशीच्या पुढे, मुक्काम सिंगापूर. दुपारी चारनंतर अंगात त्राण राहत नाही, जेवल्यावर पोट फुगतं, जिना चढताना दम लागतो. तिथल्या चिनी औषधांच्या दुकानात ‘तुमची ची कमी आहे’ असं सांगून लाल जिनसेंगचे काप दिले. रोज १० ग्रॅम उकळून तीन आठवडे प्यायल्यावर त्राण आलं नाहीच, उलट झोप उडाली, तोंड आलं आणि पोट आणखी गच्च झालं. तर औषध चुकलं, मात्रा चुकली, की हे सगळंच थोतांड?

जिनसेंग आजपासून बंद करा. हळूहळू कमी करत बसायची गरज नाही. झोप आणि तोंड आठवड्याभरात जागेवर यायला हवं. नाही आलं तर कारण दुसरं आहे. दुकानदाराचं निदान बहुधा बरोबर असावं. पण वस्तू चुकली, मात्रा चुकली आणि क्रमही चुकला, आणि या तिन्हींत क्रमाची चूक सर्वांत मोठी.

त्याआधी एक गोष्ट, जी काउंटरवर कोणी सांगत नाही. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, थायरॉइडची टीएसएच आणि रक्तातली साखर एवढं तपासून घ्या. शाकाहारी असाल तर बी-१२ हमखास. ते कमी असेल तर कितीही मुळ्या उकळा, थकवा जागचा हलणार नाही. आणि जिना चढताना लागणारा दम नव्याने सुरू झाला असेल तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवायचं, काढ्याचं मग बघू. खाली जे लिहिलं आहे ते हे सगळं ठीक निघाल्यावर लागू होतं.

‘ची’ म्हणजे नेमकं काय कमी झालं?

या शब्दाचा चिनी उच्चार ‘छी’च्या जास्त जवळ जातो, पण मराठीत तो नाक मुरडायला वापरतात, म्हणून सगळे ‘ची’ लिहितात, मीही तेच करतो. जुन्या चिनी लिपीतल्या या चिन्हात वर वाफ आहे आणि खाली तांदूळ. भात शिजताना निघणारी वाफ डोळ्यांसमोर आणलीत तर निम्मी कल्पना समजली. ‘ची’ ही बाटलीत भरून आणायची वस्तू नाही, ती मोजायचं यंत्रही नाही. शरीर काय करू शकतं याचं ते नाव आहे. ढकलणं, ऊब ठेवणं, बाहेरच्या आजाराला अडवणं, धरून ठेवणं (घाम, लघवी, अवयव आपापल्या जागी) आणि एकाचं दुसऱ्यात रूपांतर करणं, अशी पाच कामं तिच्या नावावर लावतात. ही कामं ढिली पडली की ‘ची कमी’ म्हणायचं.

ती बनते तीन ठिकाणांहून. आईवडिलांकडून आलेला साठा मूत्रपिंडात, श्वासातून आलेला भाग फुप्फुसात, आणि अन्नातून रोज बनणारा भाग ‘प्लीहे’त. चिनी वैद्यकातली प्लीहा म्हणजे शरीरशास्त्राच्या पुस्तकातली प्लीहा नव्हे. ते पचनाच्या सगळ्या कामाचं नाव आहे, आपल्या जठराग्नीच्या जवळ जाणारं. तिला ओलावा आणि चिकटपणा सोसत नाही, हा तिचा मुख्य स्वभाव. आणि गंमत अशी की ताकद वाढवणारी बहुतेक औषधं गोड, जड, चिकट असतात. चूल नीट पेटत नसताना पातेल्यात आणखी तांदूळ ओतले तर भात वाढत नाही, गिचका होतो. तुमचं पोट गच्च झालं ते यामुळे. चिनी वैद्य याला ‘रिकामं आहे, पण भरलेलं घेत नाही’ म्हणतात.

हा मुद्दा ज्याने मांडला तो चिनी वैद्य ली दोंगयुआन (११८०–१२५१). १२३२ मध्ये मंगोल फौजांनी काइफंगला वेढा घातला. वेढा उठल्यावर शहरात माणसं तापाने पटापट मरू लागली, आणि वैद्य त्यांना बाहेरून आलेल्या थंडीचा ताप समजून घाम काढणारी, जुलाब करणारी औषधं देत होते. ली दोंगयुआनचं म्हणणं असं की ही माणसं उपासमार, श्रम आणि भीतीने आतून खचली आहेत. त्यांचं पचन उभं करा. त्याचा ‘बू जोंग यी ची तांग’ हा काढा आजही रोजच्या वापरात आहे. त्यात हुआंग ची (ॲस्ट्रागॅलसचं मूळ) आणि जिनसेंग आहेत, पण सोबत संत्र्याची जुनी साल, म्हणजे चेन पीसुद्धा आहे, नुसती भर नाही. आणि मूळ पाठातली हुआंग चीची मात्रा जेमतेम अर्धा ते एक छ्येन. जुन्या मापाने एक छ्येन म्हणजे साधारण ३ ग्रॅम. आजचे काढे ३, ६, ९, १२ ग्रॅमच्या पाढ्यात चालतात, ते या छ्येनमुळे.

(हुआंग चीमधला ‘ची’ हा आपल्या विषयातला ‘ची’ नव्हे, अक्षरच वेगळं आहे. जुन्या लिखाणात त्याचा अर्थ ‘ज्येष्ठ’. टॉनिकांतला वडीलधारा असं ते नाव. नामसाधर्म्यावर औषध विकणाऱ्यांपासून सावध राहा.)

कमतरता चार, औषधं चार

टॉनिकाला चिनीत ‘बू याओ’ म्हणतात आणि त्याचे चार गट पडतात: ‘ची’साठी, रक्तासाठी, यिनसाठी, यांगसाठी. चुकीच्या गटातलं टॉनिक नुसतं वाया जात नाही, उलटतं.

‘ची’ कमी असली की थकवा हालचालीने वाढतो आणि बसल्यावर कमी होतो, आवाज खाली जातो, जरा काम केलं की दिवसा घाम येतो, जीभ फिकट आणि थोडी सुजल्यासारखी, कडेला दातांचे ठसे. त्यात पोट फुगणं, शौचाला सैल होणं असेल तर प्लीहेची ‘ची’. वारंवार सर्दी आणि दम असेल तर फुप्फुसाची. रक्त कमी असलं की चेहरा आणि नखं फिकी, उठताना चक्कर, झोप तुटक, पाळीत रक्तस्राव कमी. यिन कमी म्हणजे थंडावा आणि ओलावा कमी: तळहात-तळपाय तापतात, झोपेत घाम येतो, तोंड सुकतं, जीभ लाल आणि तिच्यावर थर जवळजवळ नाही. यांग कमी म्हणजे ऊब कमी: हातपाय गार, कंबर गार, पहाटे पातळ शौच, लघवी भरपूर आणि पाण्यासारखी.

जीभ बघण्याची एक अडचण खास आपल्याकडची आहे. आपण रोज सकाळी जीभ घासून काढतो, आणि वैद्याला जो थर बघायचा असतो तोच बेसिनमध्ये जातो. बघायच्या दिवशी घासू नका. चहा-कॉफीच्या आधी, खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, आरशासमोर जीभ सैल सोडून बाहेर काढा, दहा-पंधरा सेकंदांत आटपा. ताणून धरली तर ती आपोआप लाल दिसते. पातळ पांढरा थर सामान्य. दह्याच्या कवडीसारखा जाड, तेलकट, घासूनही पुन्हा येणारा थर दिसला तर आत ओलावा साचलेला आहे आणि टॉनिकाची वेळ अजून आलेली नाही.

तुमच्या वर्णनावरून प्लीहेची ‘ची’ कमी, त्यावर ओलावा साचलेला, आणि आता जिनसेंगने वर चढवलेली उष्णता असं चित्र दिसतं. नाडी न बघता यापुढे जाता येत नाही. सिंगापूरमध्ये चिनी वैद्यांना २००० च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते. दुकानाच्या काउंटरवर नव्हे, नोंदणीकृत वैद्याकडे जीभ-नाडी दाखवा. पुढचं गणित तुम्हाला माहीत असलं तर तो काय देतो आहे हे समजेल.

जिनसेंग, जिनसेंग आणि जिनसेंग

एका नावाखाली निदान तीन वेगळ्या वस्तू विकतात. पांढरं जिनसेंग म्हणजे मूळ धुऊन नुसतं वाळवलेलं. लाल म्हणजे तेच मूळ वाफवून मग वाळवलेलं. वाफेत त्यातल्या जिनसेनोसाइडांची, म्हणजे त्याच्या मुख्य द्रव्यांची, रचना बदलते आणि चिनी हिशेबाने ते जास्त उष्ण होतं. हातपाय गार पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला ते ठीक, पण बारा महिने उकाड्यात राहणाऱ्या, रात्री उशिरा जेवणाऱ्या चाळिशीच्या माणसाला नाही. तिसरं अमेरिकन जिनसेंग, शी यांग शेन. ही जातच वेगळी, स्वभाव थंड. ते ‘ची’सोबत यिन भरतं. चीनमधल्या मुळाचं वर्णन वाचून कॅनडातल्या लाफितो नावाच्या जेसुइट पाद्र्याने १७१६ मध्ये माँट्रियलजवळ ते शोधलं, आणि १७८४ मध्ये न्यू यॉर्कहून चीनच्या कँटन बंदराला गेलेलं पहिलं अमेरिकन व्यापारी जहाज मुख्यतः हेच मूळ भरून निघालं होतं.

चिनी औषधकोशात जिनसेंगची रोजची मात्रा ३ ते ९ ग्रॅम आहे, अमेरिकन जिनसेंगची ३ ते ६. तुम्ही १० घेत होता, तेही लाल, तेही एकटं. एकट्या जिनसेंगचा मोठा काढा चिनी वैद्यकात आहे खरा, ‘दू शेन तांग’, पण तो पूर्वी भळाभळा रक्त जाऊन माणूस गार पडत असताना द्यायचा. आज त्या वेळी रुग्णवाहिका बोलवायची. दुपारच्या थकव्यावर तो उपाय नाही.

रोजच्या कामात वैद्य जिनसेंगऐवजी बहुधा दांग शेन वापरतात. हे वेगळ्याच कुळातलं, घंटीसारखी फुलं येणाऱ्या वेलीचं मूळ. जोर जिनसेंगपेक्षा बराच कमी, म्हणून मात्रा ९ ते ३० ग्रॅम. किंमत कमी आणि डोकं तापवत नाही. ‘स्वस्त म्हणून हलकं’ असं समजू नका. प्लीहेच्या तक्रारीत मला तरी तेच पहिलं औषध वाटतं.

आधी वाट मोकळी, मग टॉनिक

पाच ते सात दिवस टॉनिक अजिबात नाही. चेन पी ६ ग्रॅम, फू लिंग (एक बुरशी) १२ ग्रॅम, भाजलेलं माय या (मोड आणलेले सातू) १० ग्रॅम, शान जा (चिनी आंबट बोरासारखं फळ, तुकडे करून वाळवलेलं) ९ ग्रॅम. एवढं उकळून दोन वेळा. मूल अंगावर पीत असेल त्या बाईने माय या घेऊ नये, त्याने दूध आटतं. पित्ताने छातीत जळजळ असेल तर शान जा वगळा. जिभेचा थर पातळ झाला, जेवणाच्या वेळी भूक लागली, पोट हलकं वाटलं की पुढची पायरी.

पुढची पायरी म्हणजे ‘स जुन झ तांग’, चार सज्जनांचा काढा. सोंग राजवटीच्या सरकारी औषधालयाच्या संग्रहात आलेला हा नुस्खा ‘ची’च्या बहुतेक काढ्यांचा पाया आहे. सज्जन का, तर कोणाचाच स्वभाव टोकाचा नाही. मूळ जिनसेंगच्या जागी दांग शेन घालून, चेन पीची जोड देऊन एका दिवसाचं पुडकं असं: दांग शेन १२ ग्रॅम, कोंड्यात भाजलेलं बाय जू (एक कंदमूळ) ९ ग्रॅम, फू लिंग १२ ग्रॅम, मधात परतलेलं गान त्साओ (ज्येष्ठमध) ३ ते ५ ग्रॅम, चेन पी ५ ग्रॅम, आल्याच्या तीन चकत्या, दोन लाल दा झाओ (बोरासारखं वाळवलेलं फळ) बिया काढून.

कोण काय करतं ते समजलं तर फेरफार करता येतो. दांग शेन भरतं. बाय जू भरताना ओलावा सुकवतं. फू लिंग ही पाइनच्या मुळांवर वाढणारी बुरशी, ती साचलेलं पाणी लघवीवाटे खाली नेते. गान त्साओ सगळ्यांना जुळवून घेतं. चेन पी हलवते. ती काढली तर दोन आठवड्यांत पोट पुन्हा फुगतं. फुगणं जास्त असेल तर शा रेन ३ ग्रॅम, वेलदोड्याच्या कुळातली बी, ठेचून शेवटची पाच मिनिटंच घालायची, कारण तिचं तेल उडून जातं.

यातली काही नावं मराठी माणसाला परकी नाहीत, आणि नेमक्या तिथेच घोळ होतो. गान त्साओ म्हणजे ज्येष्ठमध. चिनी औषधकोश तीन जाती मान्य करतो, त्यात आपल्या बाजारात मिळणारी जातही आहे, त्यामुळे ती चालते. दा झाओला लोक इंग्रजी नावावरून ‘चिनी खजूर’ म्हणतात. तो खजूर नाही, बोराचा भाऊ आहे. खजूर घातलात तर काढा गोड होईल, बाकी काही नाही. चेन पी आणि नागपुरी संत्र्याची साल वनस्पती म्हणून एकाच जातीच्या, पण ‘चेन’चा अर्थच जुनं. ताज्या सालीचं तेल उग्र असतं, वर फवारणीचे अंश. साल सुकून मुरलेली हवी; ग्वांगदोंगमधल्या शिनहुईची साल तर वर्षानुवर्षं मुरवतात आणि तसतसा तिचा भाव चढतो. शान याओ म्हणून कोणी सुरण देऊ लागलं तर घेऊ नका. ते आपल्या कोनफळाच्या कुळातलं कंद आहे.

काढा उकळताना

मातीचं भांडं उत्तम, जाड काचेचं किंवा स्टेनलेस स्टीलचं चालेल. लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम नको. लोखंडात काढ्यातली तुरट द्रव्यं लगेच काळी पडतात. द्रव्यं चोळून धुऊ नका, एकदा पाण्यातून झटकन काढा. ७०० मिली गार पाणी घालून पाऊण तास भिजत ठेवा; पाणी द्रव्यांच्या वर दोन-तीन बोटं हवं. सरळ उकळत्या पाण्यात टाकलीत तर बाहेरचा थर शिजून बसतो आणि आतलं आतच राहतं.

मोठ्या आचेवर उकळी आणा, मग आच इतकी कमी करा की कडेला फक्त बुडबुडे दिसतील. झाकण थोडं कलतं ठेवून ४० मिनिटं. घाम काढणाऱ्या सर्दीच्या काढ्यांना १०–१५ मिनिटं पुरतात, टॉनिकाच्या मुळ्यांना नाही. ‘उकळलं, झालं’ असं करणारे निम्मं औषध कचऱ्यात टाकतात. गाळा. त्याच चोथ्यात ४५० मिली गरम पाणी घालून पुन्हा ३० मिनिटं, गाळताना चोथा चमच्याने दाबून पिळा. दोन्ही पाणी एकत्र करून दोन भाग करा, प्रत्येकी साधारण २०० मिलीच्या वर. एकत्र यासाठी की पहिलं पाणी दाट आणि दुसरं पातळ येतं. सकाळी एक, संध्याकाळी दुसरं प्यायलात तर मात्रा समान राहत नाही. जेवणाआधी पाऊण तास, कोमट. पोट हुळहुळं असेल तर जेवणानंतर. दुसरा डोस संध्याकाळी सहाच्या आतच.

मध्ये पाणी आटलं तर उकळतं पाणी घाला, गार नको. तळाला लागलं, जळकट वास आला, तर सगळं फेकून द्या. पाणी घालून वाचवलेला काढा पिऊ नये, आणि हा नियम इतका मोडला जातो की मुद्दाम लिहितो आहे. गाळलेला काढा फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतो.

कधी खरं जिनसेंग घालायची वेळ आली तर त्याचे काप वेगळ्या छोट्या भांड्यात झाकून, वाफेवर दीड-दोन तास शिजवतात, ते पाणी तयार काढ्यात मिसळतात आणि उरलेले काप चावून खातात. सगळ्यांसोबत उकळलं तर महागडं पाणी चोथा शोषून घेतो. त्या काळात पांढरा मुळा खात नाहीत, विशेषतः मुळ्याचं बी. ते साचलेलं खाली ढकलतं, टॉनिकाच्या उलट काम. म्हणूनच जिनसेंग जास्त झाल्याने पोट गच्च झालं की जुने वैद्य मुळ्याच्या बियांचा काढा देतात. तुम्हीही या आठवड्यात मुळ्याचं गरम सूप प्यायलात तर हरकत नाही. दाट चहा काढ्यापासून तासभर लांब ठेवा.

पुडकं उघडून बघा

हुआंग चीचा आडवा काप उजेडात धरा. मधोमध पिवळा गाभा, भोवती पांढुरकं कडं. याला ‘सोन्याची विहीर, जेडचा कठडा’ म्हणतात. चावला तर गोडसर आणि मागून कच्च्या घेवड्यासारखा वास. नुसतं लाकूड लागलं तर मूळ जून किंवा दुसरंच. कच्चं हुआंग ची त्वचेकडे काम करतं, घाम आणि सूज यांवर. मधात परतलेलं पचनाकडे वळतं. औषधकोशाचं प्रमाण १०० किलो मुळाला २५ किलो मध. घरी करायचं तर १०० ग्रॅम कापांना २५ ग्रॅम मध थोड्या उकळत्या पाण्यात सैल करून चोळा, तासभर झाकून मुरू द्या, मग मंद आचेवर बोटाला चिकटेनासं होईपर्यंत परता. आच मोठी झाली की मध करपतो आणि कडवट होतो. सिंगापूरच्या दमट हवेत एका वेळी पंधरा दिवसांचंच करा, बुरशी पटकन धरते.

दांग शेन लवचिक हवं, चावल्यावर गोड, तोंडात चोथा न राहणारं. वरच्या टोकाला गाठीगाठींचं डोकं असतं, त्याला सिंहाचं डोकं म्हणतात. दांग ग्वेई (रक्तासाठी वापरतात ते मूळ) तोडल्यावर आत पिवळसर पांढरं, तेलकट, सेलरीसारखा घमघमाट. आत हिरवट-तपकिरी किंवा कोरडं लाकडासारखं निघालं तर औषधाला बाद. कोणतंही मूळ कागदासारखं पांढरंशुभ्र असेल आणि कोमट पाण्यात टाकल्यावर नाकात आंबट झणका येत असेल तर त्याला गंधकाची धुरी दिली आहे. गोजी बेरीच्या देठाकडच्या टोकाला फिकट ठिपका असतो. ठिपक्यासकट एकसारखी लालभडक असेल तर रंगवलेली समजा.

बाकी तीन गटांचं थोडक्यात. रक्तासाठी दांग ग्वेई आणि शू दी हुआंग. दुसरं म्हणजे दारूत वाफवून लाखेसारखं काळं केलेलं मूळ, पोटाला फार जड, तुमच्यासारख्याला आत्ता नकोच. पण एक प्रमाण लक्षात ठेवण्यासारखं आहे: ली दोंगयुआनच्याच ‘रक्त भरणाऱ्या’ काढ्यात हुआंग ची ३० ग्रॅम आणि दांग ग्वेई फक्त ६ ग्रॅम. रक्ताचं औषध एक भाग, ‘ची’चं पाच भाग. हाँगकाँगमधल्या प्रयोगशाळेत वेगवेगळी प्रमाणं तपासली तेव्हाही हेच पाचास एक प्रमाण सरस ठरलं. यिनसाठी माय दोंग, गोजी. यांगसाठी हरणाच्या कोवळ्या शिंगाची पूड, दू चोंगची साल.

कॉर्डिसेप्सबद्दल मराठी घरांत फार विचारतात, कारण ती उत्तराखंडातल्या पिथौरागडकडून ‘कीडाजडी’ नावाने येते. अळीच्या शरीरावर उगवणारी बुरशी. भाव सोन्याच्या तराजूत, आणि २०१६ मध्ये चिनी औषध प्रशासनाने तपासलेल्या नमुन्यांत आर्सेनिक किलोमागे ४.४ ते ९.९ मिलिग्रॅम निघालं; मर्यादा १ मिलिग्रॅमची. थकव्यावर पहिलं औषध म्हणून मी तिचं नावही घेणार नाही.

कोणी घेऊ नये, कधी थांबावं

सर्दी-ताप, घसा आला की टॉनिक त्या दिवशी बंद. ‘दार लावून चोराला आत ठेवणं’ असा याला शब्दप्रयोग आहे, आणि खरोखर खोकला रेंगाळतो. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर दांग ग्वेई आणि जिनसेंग दोन्ही टाळा. एक परिणाम वाढवतं, दुसरं कमी करू शकतं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जिनसेंगने साखर आणखी खाली जाऊ शकते. प्रत्यारोपणानंतरची किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर हुआंग ची नको. रक्तदाब असेल तर ज्येष्ठमध काढूनच टाका. ते पाणी धरतं, पोटॅशियम खाली आणतं, आणि ‘घरगुती म्हणून निर्धोक’ समजून आठवडेच्या आठवडे घेतलेलं ज्येष्ठमध पायावर सूज आणतं. शस्त्रक्रियेआधी किमान दोन आठवडे सगळं बंद आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगणं. गरोदरपणात स्वतःच्या मनाने काहीही नाही.

केस काळे करायला ‘हे शो वू’ नावाचं मूळ घेणाऱ्यांची संख्या मोठी आहे. यकृताला इजा झाल्याच्या नोंदींनंतर २०१४ मध्ये चीनने पूरक आहारातली त्याची रोजची मर्यादा कच्च्याला १.५ ग्रॅम आणि शिजवलेल्याला ३ ग्रॅम ठरवली. डोळे पिवळे, लघवी गडद, मळमळ, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी थांबवून यकृताची तपासणी.

सिंगापूरच्या दुकानांत डिसेंबरजवळ काळ्या चाटणाच्या बरण्या दिसतील: गाव फांग. शांघायकडची ही हिवाळी पद्धत. द्रव्यं तीनदा उकळून, आटवून, गाढवाच्या कातड्याच्या सरसात (अ ज्याओ) आणि साखरेत घट्ट करायची. पळी उचलली की धार न पडता कापडासारखी लोंबली पाहिजे, याला ‘झेंडा लटकणं’ म्हणतात. आपल्या पाकाच्या तारेसारखीच ही हाताची परीक्षा. तिथले वैद्यही बरणीआधी एक-दोन आठवडे वाट मोकळी करणारा काढा देतात. शाकाहारी असाल तर सरसाऐवजी नुसता मध घालून करून मिळतं, विचारावं लागतं. पण पोट फुगत असताना त्या बरणीच्या वाटेला जाऊ नका.

चार सज्जनांचा काढा दोन आठवडे घ्या, सहा दिवस चालू, एक दिवस बंद. पहिला फरक दुपारच्या थकव्यात दिसत नाही, भूक आणि शौचात दिसतो. तो दिसला तर आणखी दोन ते चार आठवडे. झोप पुन्हा बिघडली तर दुसरा डोस दुपारी घ्या, तरी बिघडली तर दांग शेन ९ वर आणा. आणि गार सरबतं, आइस-कॉफी, रात्री नऊनंतरचं जेवण चालूच ठेवणार असाल तर दांग शेनचे पैसे वाचवा.